नाताळच्या दिवसांतलं सुईकाम: छोटं निवडा, वेळेत पूर्ण करा

नाताळसाठी घेतलेलं भरतकाम अर्धवट राहतं ते बहुतेक वेळा आळसामुळे नाही, तर पहिल्याच दिवशी केलेल्या निवडीमुळे. उत्साहाच्या भरात भेटवस्तूंचा मोठा मोजा नाहीतर गव्हाणीचा अख्खा देखावा भरायला घेतला जातो. डिसेंबरचा दुसरा आठवडा येतो तेव्हा एका मेंढराचे पाय जेमतेम झालेले असतात. मग ती पिशवी कपाटात जाते आणि पुढच्या वर्षी उघडायचीही इच्छा राहत नाही. सणाच्या दिवसांत सुईकामाची मजा घ्यायची असेल तर दोन-तीन संध्याकाळींत हातावेगळी होईल अशीच वस्तू घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठं काम जानेवारीत सुरू करा, त्याला अख्खं वर्ष मिळेल.

आधी थोडं गणित

नाताळापूर्वीचा आगमनकाळ २५ डिसेंबरच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कुठेतरी येतो. म्हणजे २४ तारखेपर्यंत वर्षानुसार २२ ते २८ दिवस हाताशी असतात. त्यातले शेवटचे तीन-चार दिवस पाहुणे, साफसफाई आणि स्वयंपाकात जाणार, ते हिशेबातून आधीच वगळा.

आता आपला वेग काढा. क्रॉस स्टिच, म्हणजे कापडाची घरं मोजून घातलेले फुलीच्या आकाराचे टाके, करत असाल तर घड्याळ लावून अर्धा तास नेहमीसारखं भरा आणि पूर्ण झालेल्या फुल्या मोजा. समजा ६० झाल्या, तर तासाला १२०. चाळीस बाय चाळीस घरांचं पूर्ण भरलेलं डिझाइन म्हणजे १६०० फुल्या, म्हणजे तेरा तासांहून जास्त. शंभर बाय दीडशे घरांचा मोजा पूर्ण भरायचा तर १५,००० फुल्या, म्हणजे सव्वाशे तास. रोज एक तास बसलात तरी चार महिने! हा आकडा एकदा समोर आला की निवड आपोआप शहाणी होते.

वर सजवण्याचा आणि शिवून पूर्ण करण्याचा वेळ वेगळा धरा. छोट्या लोंबत्या सजावटीला भरायला दीड तास लागत असेल तर अस्तर, कापूस, फीत आणि कडा जोडायला जवळपास तेवढाच लागतो. बहुतेक जण नेमका हाच भाग विसरतात, आणि मग चोवीस तारखेच्या रात्री गोंदाची बाटली बाहेर येते.

मोजायचं काम आणि गप्पांचं काम

या दिवसांत घर भरलेलं असतं. कोणी दार वाजवतं, कोणी चहा मागतं, पोरं मध्येच येऊन बसतात. म्हणून एकाच वेळी दोन कामं हाताशी ठेवावीत, पण दोन वेगळ्या जातीची.

पहिलं मोजायचं: क्रॉस स्टिच, किंवा ज्याचे खांब मोजावे लागतात असं क्रोशाचं नक्षीकाम. हे सकाळी किंवा घर झोपल्यावर, शांततेत करायचं. दुसरं न मोजता होणारं: फेल्टच्या (न विणता दाबून केलेल्या जाड कापडाच्या) कडेचा काजटाका, साधा धावदोरा, एकाच टाक्याची क्रोशाची लांब माळ. गप्पा मारता मारता हात चालू राहतो आणि चुकलं तरी दोन टाके उसवून पुढे जाता येतं. गर्दीत बसून मोजायचं काम केलंत, तर दुसऱ्या दिवशी ते उसवण्यातच जातो.

उठावं लागलं की सुई कापडाच्या मधोमध टोचून ठेवू नका. बरेच दिवस राहिली तर गंजाचा डाग पडतो, आणि तो निघता निघत नाही. कडेच्या समासात टोचा. कापड ताणून धरणारी रिंगही रात्री सैल करून काढून ठेवा, नाहीतर तिचा गोल वळ कापडावर बसतो.

सामान: जास्त नको, पण नेमकं

क्रॉस स्टिचसाठी १४ काउंटचं आयडा कापड घ्या, म्हणजे एका इंचात १४ घरं. नवशिक्या डोळ्यांना याहून बारीक, म्हणजे १६ किंवा १८ काउंट, रात्रीच्या उजेडात जड जातं. सुई बोथट टोकाची टॅपेस्ट्री, २४ नंबरची. टोकदार सुई भोकातून जाण्याऐवजी कापडाचे धागे चिरते आणि फुली तिरपी बसते.

दोरा सहापदरी कॉटनचा. डीएमसी कंपनीची लडी आठ मीटरची असते आणि प्रत्येक रंगाला ठरलेला क्रमांक असतो. नाताळच्या कामाला ३२१ लाल, ६९९ हिरवा, ४३३ तपकिरी आणि एक पांढरा एवढे चार रंग पुष्कळ झाले. तयार किटमधल्या चाळीस छटांच्या मोहात पडू नका. दुसऱ्या कंपनीचा दोरा वापरत असाल तर तिचे क्रमांक वेगळे असतात, तेव्हा रंग शेजारी ठेवून डोळ्यांनीच जुळवा. लडीवरचा कागद फेकू नका, क्रमांक त्यावरच असतो.

याशिवाय दहा सेंटीमीटरची रिंग, अणकुचीदार टोकाची लहान कात्री, टाचण्या, थोडा कृत्रिम कापूस आणि अरुंद फीत. खुणेच्या पेनाबद्दल एक इशारा. इस्त्रीच्या उष्णतेने उडणाऱ्या शाईची खूण कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. पाण्याने जाणाऱ्या शाईचं उलट असतं: धुण्याआधी इस्त्री फिरवली तर ती कायमची बसते. मोजायच्या कामात मी पेन वापरतच नाही, फिक्या शिवणदोऱ्याचा धावदोरा घालते आणि शेवटी ओढून काढते.

पहिलं काम: दोन इंची सुरूचं झाड

हे डिझाइन कागदावर काढायचीही गरज नाही, तोंडपाठ होतं. शेंड्याच्या पहिल्या दोन ओळींत दोन-दोन फुल्या. पुढच्या दोन ओळींत चार-चार, मग सहा-सहा, असं प्रत्येक दोन ओळींनंतर दोन्ही बाजूंनी एकेक फुली वाढवत सोळा-सोळापर्यंत या. सोळा ओळी, १४४ हिरव्या फुल्या. खाली मधोमध चार ओळींचं, चार-चार फुल्यांचं तपकिरी खोड, म्हणजे आणखी १६. एकूण १६० फुल्या. वर काढलेल्या वेगाने दीड तासाच्या आत झाड उभं.

१. आयडाचे १५ सेंटीमीटरचे दोन चौकोन कापा. एक पुढचा, एक मागचा. कडांना धागे सुटतात, म्हणून भोवती सैल तुरपाई घाला किंवा कागदी चिकटपट्टी दुमडून लावा.

२. पुढच्या तुकड्याची उभी-आडवी घडी घालून मध्य काढा. घड्यांवरून धावदोरा घाला. झाड १६ घरं रुंद आणि २० घरं उंच आहे, म्हणून मध्य एका भोकावर येईल. त्या भोकाच्या लगेच वरची ओळ ही झाडाची दहावी ओळ: पाच फुल्या डावीकडे, पाच उजवीकडे. लगेच खालची अकरावी: सहा डावीकडे, सहा उजवीकडे. सुरुवात इथूनच करा. कोपऱ्यातून सुरू केलेलं झाड हटकून एका बाजूला सरकतं.

३. दोरा ओवताना गाठ मारायची नाही. सुमारे ९० सेंटीमीटर लांबीचा एकच पदर वेगळा काढा, मधोमध दुमडा आणि दोन्ही सुटी टोकं एकत्र नेढ्यातून ओवा. दुमडीचा फासा दुसऱ्या टोकाला राहील. मागून सुई वर घ्या, पण फासा मागे थोडा शिल्लक ठेवा. फुलीचा पहिला पाय घालून सुई मागे गेली की ती त्या फाशातून ओढून घ्या. दोरा जागच्या जागी पक्का बसतो आणि मागची बाजू सपाट राहते. ही युक्ती दोन पदरांनी भरतानाच चालते, आणि १४ काउंटवर आपल्याला दोनच पदर हवेत.

पदर काढायचीही रीत आहे. लडीचं टोक चिमटीत धरून एकच पदर सरळ वर ओढायचा. बाकीचे खाली गोळा होतात, पण हात फिरवला की सुटे होतात. दोन पदर एकदम ओढले की गुंता ठरलेला.

४. ओळीतल्या सगळ्या फुल्यांचे खालचे पाय आधी डावीकडून उजवीकडे घाला, मग परत येताना वरचे पाय घाला. खालचा पाय कोणत्याही दिशेला घाला, पण वरचे सगळे पाय अख्ख्या कामात एकाच दिशेला झुकले पाहिजेत. उजेड कॉटनच्या दोऱ्यावरून परावर्तित होतो. दिशा बदललेली एक फुलीसुद्धा दुरून ठिपक्यासारखी वेगळी दिसते, आणि एकदा दिसली की नजर तिथेच जात राहते.

५. भरता भरता दोऱ्याला पीळ चढतो. दर आठ-दहा फुल्यांनंतर सुई हातातून सोडून लोंबू द्या. ती स्वतःभोवती फिरून पीळ उतरवेल. ताण एवढाच ठेवा की फुली कापडावर टेकेल. घराची भोकं मोठी होऊन पलीकडचं दिसू लागलं, तर तुम्ही जास्त ओढताय.

६. दोरा संपवताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवून कापा. तपकिरी दोरा हिरव्याखालून आणि लाल पांढऱ्याखालून नेऊ नका, पुढून सावली दिसते.

७. हवं असेल तर झाडावर लाल फ्रेंच नॉटची फळं टाका. सुई वर घ्या, दोरा डाव्या हाताने ताणून सुईभोवती दोनदा गुंडाळा. ज्या भोकातून आलात त्याच्या शेजारच्या धाग्यात सुई टोचा, त्याच भोकात नाही, नाहीतर गाठ मागे निसटते. दोऱ्याचा ताण न सोडता वेढे कापडापर्यंत सरकवा आणि मगच सुई ओढा. फळाचा आकार वाढवायचा असेल तर वेढे वाढवू नका, पदर वाढवा. जास्त वेढ्यांची गाठ लोळते.

टोकावर तारा हवा असेल तर एक गंमत लक्षात घ्या. खऱ्या हिमकणाला सहा हात असतात, कारण बर्फाचे स्फटिक षटकोनी रचनेत वाढतात. क्रॉस स्टिचमध्ये मात्र तारे आणि हिमकण बहुतेक आठ हातांचेच दिसतात. चौकोनी घरांवर उभी, आडवी आणि दोन तिरक्या रेषा सहज बसतात, साठ अंशांची रेषा बसत नाही. नॉर्वेच्या सेल्बू भागातल्या हातमोज्यांवरचं प्रसिद्ध आठ पाकळ्यांचं फूलसुद्धा असंच घरं मोजून विणलेलं आहे. सहा हातांचा हिमकण हवाच असेल, तर साध्या कापडावर नाहीतर फेल्टवर काढा.

कडा जोडणं, म्हणजे खरी कसोटी

मध्यापासून चारही दिशांना १४ घरं मोजा आणि झाडाभोवती लाल दोन पदरांनी उलट्या टिपेची चौकट घाला. प्रत्येक टाका दोन घरांचा, म्हणजे एका बाजूला १४ टाके आणि सगळे मिळून ५६. चौकट बरोबर दोन इंची होते. मागच्या कोऱ्या तुकड्यावरही तेवढीच चौकट घाला. त्यावर वर्षाचा आकडा किंवा ज्याला द्यायचं त्याचं आद्याक्षर भरायचं असेल तर आत्ताच भरा, नंतर जागा मिळणार नाही.

दोन्ही तुकड्यांचा समास चौकटीपासून सव्वा सेंटीमीटर ठेवून कापा आणि कोपरे तिरके छाटा. समास चौकटीवरून आत दुमडून नखाने दाबा. चौकटीचे टाके आता अगदी धारेवर येतील. दोन्ही तुकडे पाठीला पाठ लावून धरा, वरच्या बाजूला दुमडलेली फीत आत घाला आणि टाचणी लावा.

आता मजेचा भाग. सुई कापडातून अजिबात न्यायची नाही. पुढच्या चौकटीतला एक टाका आणि समोरचा मागच्या चौकटीतला एक टाका, एवढ्यांच्याच खालून सुई न्यायची आणि दोरा ओढायचा. पुढची जोडी, मग त्यापुढची. कडेवर लाल पिळाची दोरी तयार होत जाते. कोपऱ्यावर आणि फितीजवळ दोनदा फिरा. तीन बाजू झाल्या की कापूस भरा. एकदम गोळा कोंबू नका, चिमूटभर घेऊन सुईच्या मागच्या टोकाने आधी कोपऱ्यांत सरकवा आणि मग मध्य भरा. चौथ्या बाजूला दोन्हीकडच्या टाक्यांचा आकडा जुळला नाही, तर कुठेतरी एक टाका सुटलाय. ओढून-ताणून जुळवण्यापेक्षा मागे जाऊन शोधा, नाहीतर उशी पिरगळते.

गप्पांच्या वेळेचं काम: फेल्ट

फेल्टला धागे सुटत नाहीत, कडा दुमडाव्या लागत नाहीत आणि उलट-सुलट बाजूही नसते. लोकरीचं फेल्ट घट्ट असतं आणि टाका त्यात छान रुततो. अ‍ॅक्रिलिकचं स्वस्त असतं, पण गरम इस्त्री लागली की वितळतं.

कागदावर तारा, हृदय किंवा घंटा काढून दोन तुकडे कापा. नक्षी आधी पुढच्या तुकड्यावर करून घ्या, म्हणजे मागचे दोरे दोन थरांच्या आत लपतात. मग तीन पदरांनी काजटाका घालत दोन्ही तुकडे जोडा. टाक्यांची उंची आणि अंतर सारखं ठेवा, साधारण चार-पाच मिलिमीटर. नवखे अडतात ते टोकावर. ताऱ्याच्या बाहेरच्या टोकाला एकाच भोकातून तीन टाके घाला: एक उतरत्या कडेला, एक थेट टोकाकडे, एक पुढच्या कडेला. आतल्या कोनात एकच टाका पुरतो. तीन सेंटीमीटर जागा मोकळी ठेवून कापूस भरा आणि त्याच दोऱ्याने पुढे जाऊन बंद करा.

लहान मुलं सोबत बसणार असतील तर त्यांना बोथट मोठी सुई आणि मोठ्या भोकांची प्लास्टिकची जाळी किंवा भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं झाड द्या. तान्ह्यांच्या घरी द्यायच्या वस्तूंवर मणी आणि बटणं लावू नका. काम सुरू करताना टाचण्या मोजा, उठताना पुन्हा मोजा. हरवलेली सुई शोधायला लोहचुंबक जवळ ठेवा.

एका तासाचं काम हवं असेल तर शुभेच्छापत्र. जाड कागदाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवून आधी सगळी भोकं सुईने पाडून घ्या, मग उलट्या टिपेने रेषा भरा. मागची टोकं चिकटपट्टीने लावून वर दुसरा कागद डकवा. भोकं फार जवळ पाडलीत तर कागद तिकिटासारखा फाटतो, तीन मिलिमीटर तरी सोडा.

लाल रंग आणि सोनेरी दोरा

नाताळचे दोन लाडके दोरे हेच, आणि सगळ्यात जास्त रडवतात तेही हेच.

लाल दोरा कधीकधी रंग सोडतो. भरण्याआधी ओल्या पांढऱ्या कापडात लडीचं टोक दाबून बघा. रंग उतरला तर दोरा गार पाण्यात स्वच्छ पाणी येईपर्यंत खळखळून वाळवा आणि मगच वापरा. भरून झालेलं काम धुताना लाल फुटला तर काम वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. पाणी बदलत गार पाण्यात धूत राहा. वाळलेला आणि इस्त्रीने बसलेला डाग काढणं जवळपास अशक्य. इस्त्री करायची ती जाड टॉवेलवर काम उपडं ठेवून, मागून, म्हणजे टाके चपटे होत नाहीत.

सोनेरी किंवा चंदेरी दोरा लांब घेतलात की उसवतो, तुटतो, स्वतःलाच गाठी मारतो. ३०-३५ सेंटीमीटरच घ्या. सुई एक नंबर जाड घ्या, म्हणजे भोक मोठं पडतं आणि दोरा घासत नाही. सरासर ओढू नका, प्रत्येक टाका वेगळा वर आणि वेगळा खाली घ्या. सगळं काम त्यात करायच्या फंदात पडूच नका. एक तारा किंवा चौकटीतला एखादा टाका सोनेरी असला तरी दिव्यांच्या उजेडात तेवढंच चमकतं.

उजेडाचंही सांगते. दिवा ज्या हातात सुई आहे त्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते. काळ्या किंवा गडद कापडावर भरताना मांडीवर पांढरं कापड पसरा, भोकं खालून उजळतात. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांब बघा. मनगट दुखायला लागलं तर ‘एवढी ओळ संपवते’ म्हणू नका, खाली ठेवा.

२५ तारीख चुकली तर

नाताळचा काळ पंचवीसला संपत नाही, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत तो धरला जातो. म्हणजे अर्धवट काम संपवायला जवळपास दोन आठवडे आणखी मिळतात, आणि तेही शांततेचे. त्या दिवसांत मी नवं काहीच सुरू करत नाही, फक्त राहिलेल्या कडा बंद करते.

वस्तू उतरवल्या की प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत दमट हवा कोंडते. पांढऱ्या, रंग न सोडणाऱ्या सुती कापडात किंवा आम्लविरहित पातळ कागदात एकेक गुंडाळा आणि उन्हापासून लांब ठेवा. उरलेले दोरे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर गुंडाळून त्यावर क्रमांक लिहा. त्याच डब्यात एक चिठ्ठी टाका: कोणतं कापड, किती पदर, किती तास लागले आणि कोणत्या वस्तू कोणाला दिल्या. पुढच्या वर्षी त्याच घरी पुन्हा झाडच जाणार नाही.